गल्लीत मांजरही नसेल

२१ नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या काळज्या मला सांगू नका, बाहेर रांग लागलीय. वहीत लिहा, रक्तदाब उतरेल." म्हणून ही वही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे. साखर कारखान्यात बॉयलरचा दाब लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. आता स्वतःचा लिहितो.

आजची काळजी: आपले हत्ती, म्हणजे आपला बेसबॉलचा संघ, हरले. आठव्या डावात पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आपले गडी उभे, एकही बाद नाही. अशा वेळी काय करायचं ते माझ्या आईलाही कळलं असतं. टेका द्यायचा. बॅट आडवी धरायची, चेंडू नुसता पायाशी टेकवायचा. आपण बाद होतो, पण ते दोघं एकेक बेस पुढे जातात. त्या पोराला मात्र होमरन मारून टीव्हीवर यायचं होतं. हवेत बॅट फिरवून बाद झाला. त्याच्या मागून येणाऱ्यानंही तेच केलं, आणि त्याच्या मागच्यानंही.

मी नेरेइदाला, माझ्या मुलीला, म्हटलं, "देशात चोऱ्या वाढल्यात त्याचं कारण हेच."

ती तांदूळ निवडत होती. "काय कारण?"

"टेका द्यायला कुणी तयार नाही. दुसऱ्यासाठी आपण बाद व्हावं असं कुणालाच वाटत नाही. अशातूनच चोर तयार होतात."

"पपा, चोऱ्या पगार पुरत नाही म्हणून होतात."

"पगार मलाही पुरत नव्हता."

"म्हणून तर कारखान्यातून पिशवीत साखर आणायचात."

ती साखर जमिनीवर सांडलेली असायची. ते वेगळं.

२५ नोव्हेंबर

मागच्या खिडकीला लोखंडी जाळी बसवून घ्यायची ठरवली. परवा नदीपलीकडच्या वस्तीत कुणाचा तरी गॅसचा सिलिंडर गेला. नदी लांब आहे, पण चोरांना पाय असतात.

जाळीचं काम वास्कारकडे. वास्कार म्हणजे समोरच्या एर्सिलियाचा मुलगा. वय पंचेचाळीसच्या पुढे. न्यूयॉर्कला होता, तिथे काहीतरी विकताना पकडला गेला, तुरुंगात राहिला आणि शिक्षा संपल्यावर त्यांनी त्याला विमानात बसवून परत पाठवला. असे बरेच येतात. लोक त्यांच्याशी बोलतात, पण पाकीट पुढच्या खिशात ठेवून. गल्लीतल्या दुकानदार चेपेनं आपल्या दुकानामागची शेड त्याला भाड्यानं दिली आहे. तिथे दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या आणि रेडिओ.

मी त्याला टेक्याबद्दलचं माझं मत सांगितलं. तो चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला, "काका, तुरुंगात आम्ही सगळे टेकाच द्यायचो."

"कसं काय?"

"अंगण लहान. चेंडू भिंतीपलीकडे गेला की खेळ बंद, आणि मारणाऱ्याला शिव्या. म्हणून टेका. आमच्यातला सगळ्यात सुंदर टेका देणारा माणूस दोन खून करून आला होता."

मी म्हटलं, हा अपवाद आहे. तो म्हणाला, "असेल. आम्ही पन्नास-साठ अपवाद होतो."

रात्रभर हे डोक्यात घोळत राहिलं. दाब एकशे साठ.

२ डिसेंबर

दुसरं कारण सापडलं. नुसती बॅट धरणारा, मैदानात न उतरणारा खेळाडू. बाकीचे आठजण उन्हात चेंडूमागे पळतात आणि हा बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतो, पाळी आली की बॅट घेऊन येतो. राबायचं नाही, फक्त घ्यायचं. लहान पोरं हे बघतात. पुढे काय शिकणार?

रेडिओवरच्या 'शेवटचा डाव' या कार्यक्रमाला सकाळपासून फोन लावतोय. लाइन लागत नाही. निवेदक लिसांद्रो फक्त राजधानीच्या लोकांचे फोन घेतो असा मला संशय आहे.

वास्कारनं जाळी बसवली. काम चोख. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनाही लोखंडी पिंजरा करून देतो म्हणाला. त्यानं आईच्या घरी केला आहे. "काका, दिवे जातात तेव्हा सगळ्या गल्लीत बॅटऱ्याच घरं चालवतात. चोराला टीव्ही नको असतो आता, बॅटरी हवी असते." मी म्हटलं बघू. हा माणूस चोरांबद्दल फार बारकाईनं बोलतो.

१६ डिसेंबर, गुरुवार

फोन लागला! लिहून ठेवलंच पाहिजे.

रविवारी हत्तींची वाघांशी शेवटची लढत. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर घरी. लिसांद्रो म्हणाला, "बोला, कोण आपण, कुठून?" मी सगळं नीट सांगितलं. मी तेओफिलो, सान पेद्रोहून, जुन्या कारखान्याच्या धुराड्यामागे निळं कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे, त्याच्या शेजारची गल्ली. गल्लीतल्या सगळ्यांना नमस्कार घातला, नावं घेऊन. तसा रिवाजच आहे, एक नाव राहिलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मग टेक्याचं बोललो, बाकावर बसणाऱ्याचं बोललो. लिसांद्रो म्हणाला, "काका, तुमच्यासारखे प्रेक्षक आता उरले नाहीत." तेव्हा मला जरा चेव आला. मी म्हटलं, "आमची पूर्ण गल्ली रविवारी मैदानावर. चेपे गुड फ्रायडेला दुकान बंद करत नाही, तो त्या दिवशी करणार. दुपारपासून आमच्या गल्लीत मांजरही नसेल! जिथे लोकांची अशी एकी असते तिथे गुन्हेगारी शिरत नाही."

लिसांद्रोनं टाळ्यांचा आवाज वाजवला.

दिवसभर लोक अभिनंदन करत होते. "तेओकाका, आता मंत्री व्हा." एर्सिलियानं आल्याचा चहा पाठवला. फक्त वास्कार शेडच्या दारातून म्हणाला, "ऐकलं, काका. छान बोललात. पत्ता मात्र जरा जास्तच दिलात."

त्याच्या धंद्याचा उल्लेख केला नाही म्हणून राग आला असावा. पुढच्या वेळी करीन.

१९ डिसेंबर, रविवार

जिंकलो. पण लिहिण्याची इच्छा नाही.

२० डिसेंबर

नर्सबाई म्हणाल्या होत्या लिहा, म्हणून लिहितो.

काल दुपारी सगळी गल्ली हिरवे सदरे घालून निघाली. एर्सिलियासुद्धा, ती दोन वर्षांत मैदानावर आली नव्हती. वास्कार मात्र आला नाही. गर्दी आणि फाटकावरचे पोलीस, दोन्ही नको वाटतं म्हणाला. धक्क्यावर मासे धरायला गेला. मी घराचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं, नेरेइदा म्हणाली, "पपा, चौथ्यांदा ओढलंत तर तुटेल."

सामना कसा झाला ते आता काय लिहू. नवव्या डावात एका पोरानं खरोखरच टेका दिला! मी खुर्चीवर उभा राहिलो. गाणी म्हणत, भांडी बडवत परत आलो. गल्लीत शिरलो तेव्हा नेमके दिवे गेलेले. प्रत्येकानं घरात जाऊन इन्व्हर्टरची कळ दाबली आणि एकाही घरात उजेड पडला नाही. बॅटऱ्या गेल्या होत्या. आमच्या, चेपेच्या, कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंच्या, सगळ्यांच्या. आमच्याकडे मागची जाळी शाबूत, पुढचं दार उखडलेलं.

एकच घर उजळलं. एर्सिलियाचं. पिंजऱ्यामुळे.

सगळे अंधारात त्या खिडकीकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात वास्कार मासे घेऊन आला.

२२ डिसेंबर

चेपे काल दुकानासमोर डॉमिनोच्या टेबलावर म्हणाला, "जाळ्या विकणाऱ्याला चोर आवडणारच. पाऊस पडला नाही तर छत्रीवाला जेवेल काय?" सगळे हसले नाहीत, पण कुणी नाही असंही म्हणालं नाही. मीही नाही.

चौकीवरून दोघे आले आणि वास्कारला घेऊन गेले. त्यातला जाडा मला विचारत होता, "गल्ली रिकामी असणार हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

मी नीट विचार करून सांगितलं, "साहेब, फक्त आम्हालाच. बाहेरच्याला कसं कळणार?"

नेरेइदा दारात उभी होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी बॉयलरची झडप उघडी ठेवून आलोय.

संध्याकाळी मी रेडिओ लावला तर तिनं येऊन बंद केला. "पपा, काही दिवस फोन करू नका तिकडे."

"का?"

"बिल फार येतं."

२४ डिसेंबर

वास्कारला सोडलं. काही सापडलं नाही. ओठ फुटला आहे. म्हणतो दारावर आपटला.

आज सणाचं जेवण. डुकराचं भाजलेलं मांस, तुरीचा भात, सगळं झालं, पण चव लागली नाही. दरवर्षी ताटं या घरातून त्या घरात जातात. यंदा एर्सिलियाकडे एकही ताट गेलं नाही. मी नेरेइदाला म्हटलं, लोक काय म्हणतील? तिनं सगळ्यात मोठं ताट भरलं, वर फडकं टाकलं आणि भर रस्त्यातून, सगळ्यांच्या देखत, समोरच्या घरी घेऊन गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरल्यामुळे असेल.

गुन्ह्याचं तिसरं कारण: डावाच्या मध्ये मैदानावर इतक्या जोरात गाणी वाजवतात की माणसाला विचार करता येत नाही. हे कारण मला फारसं पटत नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

७ जानेवारी

तीन राजांचा सण झाला, नाताळ संपला. चेपेनं वास्कारला सांगितलं, महिनाअखेर शेड रिकामी कर. "माझ्या मनात काही नाही रे. गिऱ्हाईक बोलतं."

दुपारी एर्सिलिया आली. एवढ्या वर्षांत तिला मी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"तेओ, तो चोरून होडीनं जायचं म्हणतोय. प्वेर्तो रिकोला. माझ्या भावाचा मुलगा त्याच वाटेनं गेला, अजून पोचल्याचा निरोप नाही."

"अगं, त्याला समजाव."

"मी समजावू? तूच सांग ना लोकांना! तूच तर..."

एवढ्यात मागून वास्कार आला. "आई, चल. काकांचा दाब वाढेल."

"वाढू दे एकदाचा!"

"आई. चल म्हटलं ना."

जाताना त्यानं माझ्या तुटलेल्या दाराची बिजागरी हलवून पाहिली आणि म्हणाला, उद्या येऊन बसवून देतो. मी विचारलं, "तू चोरी केली नाहीस ना?" तो म्हणाला, "नाही, काका." मी म्हटलं, "मग बोलत का नाहीस? कुणी केली असेल ते सांग."

"चोर कोण ते मला खरंच ठाऊक नाही."

"पण काहीतरी ठाऊक आहे."

तो हसला. फुटलेला ओठ ताणला गेला. "तुम्हीच म्हणता ना, कधीकधी नुसता टेका द्यायचा."

हे टाळाटाळीचं बोलणं मला आवडलं नाही. पण चोर बिजागरी बसवून देत नाहीत, असंही वाटलं.

८ जानेवारी

बिजागरी बसवली. मजुरी घेतली नाही. दाब एकशे सत्तर.

१५ जानेवारी

चेपेशी बोलून पाहिलं. वास्कार चांगला आहे म्हटलं. तो म्हणाला, "काका, खात्रीनं सांगता?" माझ्याकडे खात्री कुठली? मला स्वतःच्या कुलपाची नसते. घरी आलो आणि स्वतःचाच राग आला. शेजारी एक माणूस बुडतोय आणि मी दोरी नीट तपासत बसलोय.

हत्ती मात्र जिंकतच आहेत. अंतिम फेरी. निर्णायक सामना २३ तारखेला, रविवारी, आपल्याच मैदानावर.

२३ जानेवारी, रविवार

हे शांतपणे लिहायचं आहे. सावकाश लिहितो.

गल्लीत कुणीतरी मागे राहायला हवं होतं. चेपे म्हणाला चिठ्ठ्या टाकू. मी म्हटलं, नको, मी थांबतो. कारखान्यात होतो तेव्हापासून मी अंतिम सामना चुकवलेला नाही. बायकोच्या आजारपणातसुद्धा तिनंच मला हाकललं होतं. नेरेइदा म्हणाली, "पपा, तुम्हाला जमेल?" मी म्हटलं, "मी म्हातारा आहे, बाद झालो तरी चालेल. तुम्ही पुढे जा."

जाताना ती मला खूप वेळ धरून राहिली.

दुपारी गल्ली रिकामी झाली. वास्कार शेडमधलं सामान बांधत होता. मी माझी खुर्ची उचलून त्याच्या दारात नेली. म्हटलं, एकट्याला भीती वाटते. ते खरंच होतं. त्यानं उकडलेली हिरवी केळी आणि तळलेला मासा पुढे केला, रेडिओ मोठा केला. सामन्याआधी लिसांद्रोचा कार्यक्रम चालू होता. मैदानात आपले लोक कानाला रेडिओ लावूनच बसतात, डोळ्यांवर त्यांचा भरवसा नसतो.

मला वाटलं, चोरांना कळायला हवं की आज गल्ली रिकामी नाही. म्हणून फोन लावला. वास्कार म्हणाला, "राहू द्या, काका." पण आज पहिल्याच फटक्यात लागला.

"लिसांद्रो, मी सान पेद्रोहून तेओफिलो..."

"ओहो, तेओकाका! निळ्या कपेलची गल्ली! मागच्या वेळी म्हणालात, मांजरही नसेल. आज काय हाल?"

मी म्हणायला तोंड उघडलं, आज गल्लीत दोन माणसं आहेत. शब्द ओठांवर आले आणि तिथेच राहिले. मांजरही नसेल. निळं कपेल. जुन्या धुराड्यामागे. चेपे दुकान बंद करणार. दुपारपासून. हे सगळं माझ्याच आवाजात मला ऐकू येऊ लागलं, शेवटच्या टाळ्यांसकट.

"काका? आहात ना?"

मी फोन ठेवला.

वास्कार दोऱ्या गुंडाळत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, "तुला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"आणि नेरेइदाला. एर्सिलियाला."

"काका, मासा थंड होतोय."

"चौकीवर सांगितलं का नाहीस? ओठ फुटेपर्यंत..."

"सांगून काय झालं असतं? ते इथे आले असते, आणि तुम्ही दारातच कोसळला असतात. मला मारलं तर मी सुजतो. तुम्ही मेला असतात." मग दोरीला गाठ मारत म्हणाला, "आणि माझं ऐकलं कुणी असतं?"

मी उठलो. फोन पुन्हा लावला. लाइन लागेना. पुन्हा लावला. आता सगळा देश लिसांद्रोला फोन करत होता. वास्कार म्हणाला, "सोडा ना." मी म्हटलं, "गप्प बस, तुझा काका लागतो मी." बोट दुखेपर्यंत लावत राहिलो. राष्ट्रगीत सुरू होण्याच्या जरा आधी लागला.

मी पुन्हा सगळा पत्ता दिला. धुराडं, कपेल, गल्ली. एकही खूण गाळली नाही. म्हटलं, "माझ्या गल्लीतले सगळे आत्ता तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलेत, त्यांनी ऐकावं. डिसेंबरात तुमच्या बॅटऱ्या गेल्या, त्या चोरांना दिवस, वेळ आणि वाट या तेओफिलोनं सांगितली. इथूनच, याच फोनवरून. एर्सिलियाचा मुलगा वास्कार धक्क्यावर मासे धरत होता. त्याला हे ठाऊक होतं, आणि माझ्यासाठी तो गप्प बसला. जाळ्या करतो, पिंजरे करतो, चेपेच्या शेडमध्ये. काम चोख."

लिसांद्रो हळूच म्हणाला, "काका... आणि आजचा तुमचा अंदाज?"

मी म्हटलं, "मला काही कळत नाही."

हत्ती हरले. सातव्या डावात टेका द्यायला हवा होता, दिला नाही. पण मी त्यावर काही बोललो नाही.

लोक अंधार पडताना आले, झेंडे गुंडाळलेले. कुणी गात नव्हतं. मी शेडच्या दारात उभा होतो, पळून जावं असं वाटत होतं. शिवणवाल्या बाई माझ्या जवळून मान फिरवून गेल्या. बरोबरच आहे. त्यांची बॅटरी नवी होती. एर्सिलिया आली, माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला आणि आत निघून गेली. नेरेइदानं माझी खुर्ची उचलली.

शेवटी चेपे आला. बांधलेल्या सामानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून पुन्हा घातली. मग वास्कारला म्हणाला, "माझ्या दुकानाच्या मागच्या खिडकीला जाळी करायची होती. माप कधी घेशील?"

वास्कारनं सामानाची एक दोरी सोडली, खोक्यात हात घातला आणि मापाची फीत बाहेर काढली. "आत्ताच घेतो."

फितीचं दुसरं टोक त्यानं माझ्याकडे दिलं. मी खिडकीच्या चौकटीला धरलं. फीत हलत होती.

"काका, घट्ट धरा," तो म्हणाला. "माप चुकलं तर मांजर शिरेल."